आधी कानावर पडू द्या, वही सगळ्यात शेवटी

एका वाचक भगिनीचं पत्र: 'ताई, मी निफाड तालुक्यातल्या एका गावात राहते. डी.एड. झालंय, पण नोकरी नाही. जूनपासून घरीच लहान मुलांची इंग्रजीची शिकवणी सुरू केली आहे. पाच ते आठ वर्षांची अकरा मुलं येतात. निम्मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली, निम्मी इंग्रजी माध्यमाची. ए टू झेड सगळ्यांना येतं, पन्नासेक स्पेलिंगं पाठ आहेत, पण "व्हॉट इज युअर नेम"च्या पुढचं एक वाक्य विचारलं की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. पालक रोज वही तपासतात. वही कोरी दिसली की "आज काय शिकवलं?" म्हणून फोन येतो. काहींचं म्हणणं, वर्गात मराठी बोलूच नका. एक पाच वर्षांची मुलगी तर दोन महिन्यांत इंग्रजीचा एक शब्द बोललेली नाही, तिची आई तिला काढून घ्यायचं म्हणते. माझं स्वतःचं इंग्रजी पुस्तकी आहे, उच्चारांची धास्ती वाटते. मी नेमकं कसं शिकवू?'

तुमचं पत्र वाचून आधी बरं वाटलं. मुलांना स्पेलिंगं येतात पण वाक्य समजत नाही, हे तुमचं तुम्हीच टिपलंत. पुष्कळ शिकवण्यांमध्ये हे कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण अकरा मुलांनी एका सुरात केलेलं पाठांतर ऐकायला फार छान वाटतं.

तर पहिलं सांगणं स्पष्टच सांगते. पाच-सहा वर्षांच्या मुलांचं लिहिणं उद्यापासून थांबवा. सात-आठ वर्षांच्या मुलांचं निम्म्यावर आणा. तुमच्या गावात मुलांच्या कानावर मराठी दिवसभर पडते, हिंदी टीव्हीवरून पडते, पण इंग्रजी बोलणं कुठून पडणार? तुमच्याकडचा एक तास, तेवढाच. तो तास चार रेघी वहीत 'सी ए टी कॅट' दहादा लिहिण्यात गेला, तर ती भाषा मूल ऐकणार कधी? मराठी बोलायला लागण्याआधी याच मुलांनी वर्षभर नुसतं ऐकलं होतं. तेव्हा कुणी त्यांच्या हातात पेन्सिल दिली नव्हती.

आता त्या न बोलणाऱ्या मुलीबद्दल. तिच्या आईला सांगा, घाई करू नका. दुसरी भाषा नव्याने कानावर पडू लागली की बरीच लहान मुलं सुरुवातीला गप्प राहतात. काही आठवडे, काही वेळा कित्येक महिने. या काळात ती ऐकत असतात, साठवत असतात. तिला काही समजतंय की नाही हे तोंडावरून ठरवू नका, हातापायांवरून ठरवा. 'ब्रिंग द रेड कप' म्हटल्यावर ती उठून लाल कप घेऊन आली, तर तिचं इंग्रजी व्यवस्थित चाललंय. तिला सगळ्यांपुढे उभं करून 'बोल, बोल ना' मात्र अजिबात करू नका. (इंग्रजी सोडा, मराठीतही ती कुणाशी बोलत नसेल, हाकेला वळत नसेल, तर मग गोष्ट वेगळी. तेव्हा कान तपासून घ्यायला आईला सांगा.)

हातापायांनी उत्तर द्यायची ही पद्धत नवी नाही. जेम्स ॲशर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात ती नीट बांधली. शिक्षकाने सूचना द्यायची, मुलांनी ती करून दाखवायची, बोलायची सक्ती नाही. तुमच्या वर्गात ती अशी करता येईल. पहिल्या दिवशी पाचच सूचना घ्या: स्टँड अप, सिट डाउन, जंप, टर्न अराउंड, टच युअर नोज. तुम्ही बोला आणि स्वतः करा, मुलंही तुमच्याबरोबर करतील. तीन-चार वेळा झालं की तुम्ही फक्त बोला, करू नका. मग क्रम बदला. मग वेग वाढवा. मग गंमत करा: तोंडाने 'टच युअर नोज' म्हणा आणि स्वतः कानाला हात लावा. जी मुलं तुमच्याकडे बघून करतात आणि जी ऐकून करतात, ती तिथेच वेगळी दिसतील. याहून चांगली परीक्षा नाही, आणि मुलांना ती परीक्षा वाटतही नाही.

दुसऱ्या आठवड्यात वस्तू आणा. तुमच्या भागात कांदा आणि क्रेट शोधायला लांब जावं लागणार नाही. चार कांदे, एक क्रेट, एक टोपली, एक कप, एक चमचा. 'पुट द अनियन इन द बास्केट.' 'पुट द अनियन अंडर द क्रेट.' 'पुट द अनियन ऑन युअर हेड.' शेवटच्या वाक्याला वर्ग हसणार, आणि हसलेलं वाक्य मूल विसरत नाही. आपण मराठीत 'टोपलीत', 'क्रेटखाली' असं नामाच्या शेवटी जोडून बोलतो, इंग्रजीत तो शब्द आधी येतो. हा नियम या वयाला समजावून सांगायची काही गरज नाही. दोनशे वेळा कांदा इकडून तिकडे ठेवला की इन, ऑन, अंडर अंगात मुरतात. महिन्याभरात एखादं मूल पुढे येऊन स्वतः सूचना देऊ लागेल. त्याला 'टीचर' करा. बोलणं इथून सुरू होतं, आणि ते आपणहून होतं.

दिवसाला पाच-सहापेक्षा जास्त नवे शब्द आणू नका, पण आलेला शब्द सुटा ठेवू नका, वाक्यातच आणा. 'ॲपल म्हणजे सफरचंद' हे तक्त्यावर राहतं. 'आय ॲम कटिंग द ॲपल. हू वॉन्ट्स अ पीस?' हे पोटात जातं. आणि मुलांकडे इंग्रजी शब्द आधीच किती आहेत ते एकदा मोजून बघा: बॅट, बॉल, आउट, ट्रॅक्टर, ट्रॉली, मिक्सर, स्टूल, शर्ट, पेन, बस, मोबाईल. त्यांना नवे शब्द हवेत त्याहून जास्त या शब्दांना जोडणारी वाक्यं हवीत. 'द ट्रॅक्टर इज कमिंग' म्हणायला फक्त दोन-तीन छोटे शब्द शिकावे लागतात.

गोष्टीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते या वयासाठी गोष्टीइतकं कामाचं दुसरं काही नाही. तुम्ही बाहेरून गोष्ट शोधायला जाऊ नका, चिऊकाऊची गोष्ट घ्या. तुमच्या अकराही मुलांना ती पाठ असेल, म्हणजे अर्थ सांगायचं काम आधीच झालेलं आहे. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, मोठा पाऊस आला, काऊचं घर वाहून गेलं. एवढा भाग चित्रं दाखवत, हातवारे करत साध्या वाक्यांत सांगा: 'द रेन केम. बिग, बिग रेन. काऊज हाउस इज गॉन.' मग काऊ येतो आणि दारावर टकटक करतो, 'चिऊताई, चिऊताई, ओपन द डोअर!' चिऊ आतून म्हणते, 'वेट! आय ॲम वॉशिंग माय बेबी.' पुन्हा टकटक. 'वेट! आय ॲम फीडिंग माय बेबी.' पुन्हा टकटक. 'वेट! आय ॲम ड्रेसिंग माय बेबी.'

बघा, यात काय काय झालं ते. एक विनंतीचं वाक्य पुन्हा पुन्हा आलं. चालू वर्तमानकाळाचा साचा तितक्याच वेळा आला. व्याकरणाचं नाव कुणी काढलं नाही. मुलांना पुढे काय होणार ते माहीत असल्यामुळे ती तुमच्या आधीच 'ओपन द डोअर' ओरडायला लागतात. पहिले दोन दिवस तुम्ही सांगा, मुलं फक्त टकटक करतील. तिसऱ्या दिवशी निम्मी मुलं काऊ, निम्मी चिऊ. पाचव्या दिवशी चिऊला नवी कारणं शोधायला लावा. 'आय ॲम वॉशिंग द डिशेस.' 'आय ॲम कुकिंग.' कुणीतरी नक्की म्हणेल, 'आय ॲम मोबाईल चार्जिंग.' तुम्ही हसून उचला, 'ओ! आय ॲम चार्जिंग माय मोबाईल!' आणि गोष्ट पुढे न्या. एक गोष्ट पुरा आठवडा चालू द्या. आपल्याला कंटाळा येतो, मुलांना येत नाही. ती तीच गोष्ट पुन्हा मागतात हे तुम्हाला घरात माहीतच असेल.

चुकांचंही तसंच करायचं. मूल 'ही गोइंग' म्हणालं तर 'चूक, ही इज गोइंग म्हण' असं थांबवू नका. 'येस, ही इज गोइंग. व्हेअर इज ही गोइंग?' असं बरोबर वाक्य त्याच्या कानावर घाला आणि बोलणं चालू ठेवा. जे मूल प्रत्येक वाक्याला अडवलं जातं ते वाक्य करणंच सोडतं.

मराठीबद्दल पालकांचा आग्रह मला ठाऊक आहे, आणि तो चांगल्या हेतूने असतो. पण पाच वर्षांच्या मुलाला लघवीला जायचं असताना ते इंग्रजीत मागता येत नाही म्हणून ते बसून राहिलं, असं तुमच्या घरात व्हायला नको. खेळ समजावून सांगायला, रडणाऱ्याला जवळ घ्यायला, भांडण मिटवायला मराठीच वापरा. फक्त एक सवय टाळा: प्रत्येक इंग्रजी वाक्यामागे लगेच त्याचा मराठी अर्थ सांगायची. मुलं हुशार असतात. अर्थ मागून येणारच आहे हे कळलं की ती इंग्रजी ऐकणं बंद करतात आणि मराठीची वाट बघतात. त्याऐवजी हात, चेहरा, वस्तू, चित्र वापरा. आणि मूल मराठीत बोललं, 'ताई, मांजर झोपलंय', तर 'मराठी नाही!' म्हणू नका. 'येस, द कॅट इज स्लीपिंग. श्श्श!' म्हणा. त्याला सांगायचं होतं ते तुम्ही ऐकलंत, आणि ते इंग्रजीत कसं म्हणतात तेही त्याला मिळालं.

एक गोष्ट आणखी तपासा. तुमच्या सात-आठ वर्षांच्या मुलांना मराठी वाचता येतं का? कॅनडातले भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडलेला विचार आज जगभर मानला जातो: वाचण्याची, अर्थ लावण्याची जी क्षमता पहिल्या भाषेत तयार होते ती दुसऱ्या भाषेला उपयोगी पडते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय. दुसरीतलं मूल मराठीची चार वाक्यं वाचताना अडखळत असेल, तर त्याच्या इंग्रजीच्या तासातली दहा मिनिटं मराठी वाचनाला द्या. ती दहा मिनिटं वाया जात नाहीत.

आता अक्षरांकडे येते. ए टू झेड येणं आणि वाचता येणं यांच्यात मोठं अंतर आहे, आणि आपल्या मुलांना ते जास्त जाणवतं. मराठीत 'क' या अक्षराचं नाव आणि आवाज एकच. इंग्रजीत तसं नाही. सी, ए, टी ही नावं कितीही भरभर म्हटली तरी त्यातून 'कॅट' निघत नाही. म्हणून मूल स्पेलिंग पाठ करतं, वाचत नाही. २६ अक्षरं आणि साधारण ४४ आवाज, असा इंग्रजीचा हिशेब आहे. तेव्हा नावं बाजूला ठेवा, आवाज शिकवा.

सुरुवात एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांनी करा. ब्रिटनमधल्या अनेक शाळांत वाचनाची सुरुवात याच सहा अक्षरांनी होते, कारण एवढ्यातच ढीगभर शब्द तयार होतात: सॅट, सिट, पिन, टिन, टॅप, पॅन, नॅप, ॲन्ट. आठवड्याला दोन अक्षरं पुरेत. इथे मराठी मुलांसाठी एक खास काळजी घ्यावी लागते. आपल्या प्रत्येक व्यंजनाला 'अ' चिकटलेला असतो. त्यामुळे मूल टॅप हा शब्द 'ट-ॲ-प' असा जोडतं आणि काहीतरी 'टअॅपअ' तयार होतं. तुम्ही आवाज म्हणताना पाय मोडून म्हणा: ट्, ॲ, प्. 'स' म्हणू नका, सापाच्या फूत्कारासारखा लांब 'स्स्स्' म्हणा. हे साधलं की जोडणं एकदम सोपं होतं.

अक्षर दाखवायच्या आधी आठवडाभर हा खेळ नुसता तोंडी खेळा. पिशवीत पिन, पेन, कप, पॉट अशा वस्तू ठेवा आणि म्हणा, 'माझ्या पिशवीत आहे प्... इ... न्. काय आहे?' मुलं ओरडतील, 'पिन!' ज्याला कानाने आवाज जोडता येतात त्याला डोळ्यांनी जोडणं अवघड जात नाही. आणि मराठी मुलांचा एक मोठा फायदाही ध्यानात ठेवा. 'ॲ' आणि 'ऑ' हे दोन्ही आवाज त्यांच्या तोंडात आधीच आहेत, बॅट आणि बॉल त्यांनी कधीच बिघडवलेले नाहीत. पेन आणि पॅन यांतला फरक त्यांना एका दमात ऐकू येतो. खरी अडचण येते ती 'व'ची. व्हॅन म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, वॉटर म्हणताना ओठांचा चंबू होतो. आरसा हातात द्या, मुलं स्वतःच बघून करतील.

काही शब्द मात्र आवाजाने सुटत नाहीत: द, वॉज, सेड, यू. ते चित्रासारखे ओळखायला शिकवायचे, थोडे थोडे.

लिहिणं मोठ्या मुलांपुरतं, आणि तेही वाचता येणाऱ्या शब्दांपुरतं. लहान लिपीतली अक्षरं आधी, कॅपिटल नंतर, कारण पुस्तकात बहुतेक सगळं लहान लिपीतच असतं. बी आणि डी उलटसुलट होणं सहा-सात वर्षांपर्यंत अगदी नेहमीचं आहे. त्यासाठी शिक्षा नको.

तुमच्या स्वतःच्या इंग्रजीची धास्ती सोडा. तुम्हाला या मुलांसमोर भाषण करायचं नाही. वर्गात रोज लागणारी पंचवीस-तीस वाक्यं काढा: 'कम हिअर', 'वन्स मोअर', 'हूज टर्न इज इट?', 'पुट इट बॅक', 'वेल डन'. मोबाईलवरच्या शब्दकोशात कर्ण्याच्या चिन्हावर बोट ठेवलं की उच्चार ऐकू येतो. तो ऐका, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा, शेजारी शेजारी वाजवून बघा. एका वेळी पाच वाक्यं पक्की करा. इंग्रज माणसासारखं बोलायची काही गरज नाही. मराठी वळणाचं पण स्वच्छ, न घाबरता बोललेलं इंग्रजी मुलांना पुरतं. अडलेल्या शब्दाला 'थांबा, आपण बघू या' म्हणून सगळ्यांसमोर शब्दकोश उघडा. शिकणारं मोठं माणूस बघायला मिळणं, हेही त्या मुलांना क्वचितच मिळतं. फक्त एक करू नका. मुलांच्या पुस्तकात इंग्रजी ओळीच्या डोक्यावर देवनागरी उच्चार लिहून देऊ नका. इथे तुमच्यासाठी मी देवनागरीत लिहितेय, पण मुलाला तो आधार दिला की त्याची नजर खालच्या ओळीवर उतरतच नाही.

राहिले पालक. त्यांना वही हवी असते, कारण दुसरं काही दिसत नाही. म्हणून त्यांना दिसेल, ऐकू येईल असं काहीतरी रोज घरी पाठवा. 'आज घरी आईला म्हणायचं, गिव्ह मी सम वॉटर, प्लीज.' दुसऱ्या दिवशी विचारा, कुणी म्हटलं? आई काय म्हणाली? पंधरा दिवसांनी संध्याकाळी दहा मिनिटं पालकांना अंगणात बसवा आणि कांद्याचा खेळ दाखवा. आई-वडिलांनाच सूचना द्यायला सांगा. वहीचा आग्रह फारच असेल तर चित्रवही ठेवा: गोष्टीतला आवडलेला प्रसंग मुलाने काढायचा, मोठ्या मुलांनी खाली एक शब्द लिहायचा.

त्यांच्याशी मोकळेपणाने बोला. महाराष्ट्रात २००० सालापासून सगळ्या माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. तुमच्या तरुण पालकांपैकी काही जण स्वतः तसे शिकलेले असतील. त्यांना विचारा, दहा-बारा वर्षं वह्या भरल्या, आज फोनवर कुणी इंग्रजीत बोललं तर काय होतं? ते तुमचं म्हणणं लगेच समजतील. 'तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी' असं वचन मात्र कुणालाही देऊ नका, शेजारच्या क्लासने पाटी लावली असली तरी. वर्षअखेरीला मुलाला तुमच्या सूचना सहज समजाव्यात, दोन-तीन गोष्टी साथीने सांगता याव्यात, हवं ते मागता यावं आणि मोठ्या मुलांना छोटे शब्द वाचता यावेत, एवढं प्रामाणिकपणे सांगा. पाच-सात वर्षांच्या मुलासाठी हे भरपूर आहे.

मोबाईलवरची बालगीतं चालतील, पण मूल एकटं बघत बसलं तर त्यातून फारसं हाती लागत नाही. तुम्ही शेजारी बसा, मध्येच थांबवा, 'व्हेअर इज द डक?' विचारा.

पुस्तकांसाठी खर्च करू नका. प्रथम बुक्स या संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५पासून हजारो सचित्र गोष्टी मोफत मिळतात, त्यांतल्या बऱ्याच मराठीतही आहेत. पहिल्या पातळीच्या, पानाला एक-दोन वाक्यं असलेल्या गोष्टी निवडा. बालभारतीची पाठ्यपुस्तकंही मोफत उतरवून घेता येतात. एखादी गोष्ट दोन्ही भाषांत मिळाली तर मराठी प्रत घरी पाठवा, आई किंवा आजी ती रात्री वाचून दाखवतील, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही इंग्रजी प्रत उघडा. तालुक्याला छापून, जाड कागदावर चिकटवून, कोपऱ्यात दोरा ओवला की पुस्तक वर्षभर टिकतं. सुरुवातीला अशी चार पुस्तकं पुरतील.